इंग्रजांनी दिल्ली घेतली ती शिंद्यांकडून

“दिल्ली १८५७ पर्यंत मुघलांची, मग इंग्रजांची. मराठे तिथे लुटीपुरते गेले आणि पानिपतावर संपले.” हा मजकूर वरचेवर पुढे ढकलला जातो. एकेक बघू.

‘पानिपतावर संपले.’ पानिपत १४ जानेवारी १७६१ चं. फेब्रुवारी १७७१ मध्ये महादजी शिंदे, विसाजी कृष्ण वगैरेंच्या फौजेने दिल्ली पुन्हा घेतली. अलाहाबादेत इंग्रजांच्या आसऱ्याला असलेला मुघल बादशहा शाह आलम मराठ्यांच्याच बंदोबस्तात जानेवारी १७७२ मध्ये राजधानीत आला. १७८४ मध्ये वकील-इ-मुतलक (बादशहाचा सर्वाधिकारी कारभारी) हे पद पेशव्यांच्या नावे झालं, कारभार महादजींच्या हाती. १७८८ मध्ये मात्र गुलाम कादिर रोहिल्याने लाल किल्ल्यात शिरून बादशहाचे डोळे काढले, आणि मराठी फौजेला किल्ला पुन्हा सोडवावा लागला. म्हणजे ताबा सलग नव्हता, नाणीही शाह आलमच्याच नावाने पडत. ‘दिल्लीवर अखंड भगवा’वाल्यांनीही हे ध्यानात घ्यावं.

‘मुघलांकडून घेतली.’ ११ सप्टेंबर १८०३ ला यमुनेपलीकडे, पटपडगंजच्या बाजूला इंग्रजांच्या जनरल लेकसमोर उभी होती ती दौलतराव शिंद्यांची कवायती पलटणं, फ्रेंच अधिकारी लुई बुर्कें याच्या हाताखालची. तोफा पक्क्या मोर्च्यात. समोरून चढाई केली तर चाळणच व्हायची. म्हणून लेकने घोडदळ मागे फिरवलं. इंग्रज पळाले असं समजून शिंद्यांची माणसं मोर्चे सोडून पुढे आली. घोडदळाने मधून वाट दिली आणि मागचं पायदळ संगिनी रोखून त्यांच्यावर तुटून पडलं. डिसेंबरच्या सुर्जी-अंजनगावच्या तहात दिल्ली सोडून दिली ती शिंद्यांनी. या लढाईचा स्मृतिस्तंभ आज नोएडाच्या गोल्फ मैदानात आहे. १८५७ चा बहादूरशाह तर इंग्रजांचा पेन्शनर होता.

‘लुटीपुरते.’ लूट झाली, नाकारू नये. १७६० मध्ये पैशाची चणचण म्हणून भाऊसाहेबांनी दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून रुपये पाडले. पण मयूरासन १७३९ मध्येच नादिरशहाने नेलं होतं, १७५७ मध्ये अब्दालीने शहर धुऊन काढलं होतं. इथे उर्दू कवी मीर तकी मीरचा शेर पुराव्याला येतो, ज्यात चोर-उचक्क्यांच्या रांगेत शीख आणि मराठे आहेत. तो ओळभर तरी पुरा वाचावा: त्याच रांगेत मीरने शहा आणि भिकारीही उभे केले आहेत.