फेब्रुवारीत तीनशे

जुलै संपत आला की आमच्या कट्ट्यावर क्रिकेट मागं पडतं आणि इन्कम टॅक्सचा रिटर्न पुढं येतो. कट्टा म्हणजे बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीची पायरी. चौघं मावतात, पाचवा उभा. परवा मंद्या आला तोच फणफणत.

"४० लाख पगार म्हणजे मी श्रीमंत काय रे? २४ लाखांच्या वर थेट ३० टक्के. पन्नास कोटीवाल्यालाही ३०च!"

"त्याला सरचार्ज असतो, म्हणजे करावर आणखी कर," सीए म्हणाला. (सीए झालेला नाही, एक ग्रूप कायमचा राहिलाय. पदवी आमची.) "पाच कोटींवर तो आणि सेस, म्हणजे वरचा उपकर, धरून ३९ पडतात. आधी ४२.७४ होते, २०२३च्या बजेटात नव्या करपद्धतीत खाली आणले."

"मग परत वाढवा! साठ करा!" बापू कडाडला.

बँकेतून रिटायर झालेले अण्णा हसले. "साठ? १९७३-७४ साली वरच्या टप्प्यातल्या शंभरातले ९७ रुपये ७५ पैसे सरकार नेत होतं. हातात सव्वादोन. अर्थमंत्री कोण? आपले यशवंतराव. करांचा अभ्यास करणाऱ्या वांछू समितीनं सांगितलं होतं, असे दर म्हणजे करचुकवेगिरीला निमंत्रण. शेवटी १९७४च्या बजेटात यशवंतरावांनीच तो ७७वर आणला."

बापू गप्प बसणाऱ्यातला नाही, पण सीएनं मध्येच मोबाईल काढला.

"तुम्ही सगळे पगारच धरून बसलाय. पन्नास कोटीवाला पगार कशाला घेईल? वर्षाहून जुने, बाजारातले लिस्टेड शेअर विकले की नफ्यावर १२.५ टक्के. त्यावर सरचार्ज १५च्या पुढं जात नाही. सेस धर. किती?"

१४.९५.

"आणि मंद्या, तुझी सरासरी जवळजवळ वीस."

मंद्यानं मोबाईल हिसकावून परत हिशेब केला. १४.९५च. चाळीस लाखवाल्याची कीव यावी असा प्रसंग आयुष्यात पहिल्यांदाच. मला विचाराल तर स्लॅबवरून भांडणं म्हणजे पुढचं दार अडवून बसणं आहे, माल मागच्या दारानं जातोय.

"आणि बापूचा ऊस?" मंद्यानं मोर्चा वळवला. "त्याला तर शून्य!"

बापू एकदम मन लावून तंबाखू मळायला लागला. "पाण्याखालच्या बारमाही जमिनीला १८ एकरांचं सीलिंग, म्हणजे कमाल मर्यादा, आहे. त्यात कोण श्रीमंत होतंय?"

"एका घरात सातबारे किती जणांच्या नावावर आहेत, तेही सांग," अण्णा म्हणाले. बापूनं ऐकलंच नाही.

इतका वेळ उभे असलेले सोसायटीचे वॉचमनमामा पुढं सरकले. "मला इन्कम टॅक्स किती?"

"काही नाही मामा. बारा लाखांपर्यंत भरायचाच नाही."

"मग ते महिन्याला दोनशे कसले कापतात? फेब्रुवारीत तीनशे."

सगळे सीएकडं बघायला लागले.

"तो व्यवसाय कर. राज्याचा. वर्षाला २५००. त्याहून जास्त घ्यायला घटनेचीच बंदी. त्यामुळं मामांना २५०० आणि मंद्याच्या डायरेक्टरलाही २५००."

"रोजगार हमीसाठी १९७५ साली आणला होता," अण्णांनी भर घातली.

"महिन्याला दहा हजारांच्या वर पगार गेला की पुरुषाला पूर्ण," सीए म्हणाला. "बायकांना २५ हजारांपर्यंत माफ."

मामांनी टोपी काढून डोकं खाजवलं.

"मग माझी ड्यूटी मंडळींच्या नावावर लावता येईल का?"