कार्डं दिली म्हणून बोलणं थांबत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

मागच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया परखड आहे आणि मुद्देसूदही, म्हणून दोन ओळींत उरकत नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लेख होता न बोलणाऱ्या मुलांना चित्रकार्ड देऊन मागायला आणि स्वतः पँट घालायला कसं शिकवायचं यावर. तुमचा मुलगा पाच वर्षांचा आहे, ‘आई’ आणि ‘नको’ एवढे दोनच शब्द, तेही कधीमधी. तुमचं म्हणणं असं, की चित्रकार्डं हातात दिली की मूल बोलायचे कष्टच घेणार नाही. बिस्कीट समोर धरून कार्डासाठी ताटकळत ठेवणं हा छळ आहे. दोन महिने करून पाहिलं, पण तो हाताला येईल ते कार्ड देतो. आणि पँट घालणं शेवटच्या पायरीपासून शिकवणं म्हणजे उलटी गंगा. शिवाय घरात तुम्ही आणि सासूबाई दोघीच, त्यांना खाली बसवत नाही, तर ‘मागे बसणारं दुसरं माणूस’ आणायचं कुठून?

आळसाचं आधी. ही भीती बहुतेक घरांत असते आणि तिचा नीट तपास झालेला आहे. मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी २००६ मध्ये आधीचे अभ्यास चाळून त्यांतले भरवशाचे वेगळे काढले. त्यांतल्या २७ जणांपैकी ८९ टक्क्यांचं बोलणं चित्रं किंवा हातांच्या खुणा वापरायला लागल्यावर वाढलं, उरलेल्यांचं होतं तसंच राहिलं. कमी कुणाचंच झालं नाही. पण वाढ बहुतेकांची बेताचीच होती, हेही सांगायला हवं. ‘कार्डं द्या, मूल घडाघडा बोलेल’ असं कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. २०१४ मध्ये कॅसारी आणि सहकाऱ्यांनी ५ ते ८ वर्षांच्या, फार कमी बोलणाऱ्या ६१ स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांसोबत काम केलं. ज्यांच्या खेळात बटण दाबलं की शब्द बोलणारं यंत्र पहिल्या दिवसापासून होतं, ती मुलं आपणहून संवाद साधण्यात पुढे राहिली. न बोलणारं मूल कष्ट टाळत असतं ही समजूतच मुळात चुकीची आहे. अनेकांना आवाज जुळवणंच जमत नाही, काहींना समोरच्याला काही सांगितलं की काम होतं हेच उमगलेलं नसतं. आणि कानांची बेरा चाचणी (आवाजाला मेंदूकडून येणारा प्रतिसाद मोजणारी) झाली नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून ती करून घ्या. ‘टीव्हीची जाहिरात लागली की धावत येतो, म्हणजे ऐकू येतं’ हा पुरावा धरू नका.

आता तिसरा मुद्दा, कारण खरी गोम तिथे आहे. कार्ड असो की पँट, घोडं पेंड खातं ते आपल्या मदतीपाशी. मदत द्यायची कशी हे सगळे शिकवतात. ती काढायची कशी हे फारसं कुणी सांगत नाही.

अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये अमेरिकेत डेलावेअरला चित्रांची देवाणघेवाण शिकवायची जी पद्धत बसवली, तिला सगळीकडे पेक्स म्हणतात. तिच्या पहिल्या टप्प्यात मूल मधे, एक मोठं माणूस समोर, एक मागे. समोरच्याकडे बिस्किटाचा तुकडा. मारी असेल तर एकाचे आठ तुकडे करा, अख्खं दिलं तर तीन वेळांत पोट भरतं आणि धडा संपतो. मधे एकच कार्ड, साधारण ५ बाय ५ सेंटीमीटरचं, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो, लॅमिनेट केलेलं, मागे वेल्क्रो. मूल बिस्किटाकडे हात नेतं त्या क्षणी मागचं माणूस त्याचा हात कार्डावर नेतं, उचलायला लावतं, समोरच्याच्या तळहातावर सोडायला लावतं. समोरचा लगेच, पाव सेकंदही न दवडता, तुकडा देतो आणि म्हणतो, ‘बिस्कीट!’

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, समोरचा विचारतो, ‘काय हवंय? कार्ड दे बरं.’ मग मूल प्रश्नाची वाट पाहायला शिकतं. प्रश्न आला की कार्ड, नाहीतर गप्प. दुसरी चूक बारीक आहे: तळहात आधीच पुढे पसरलेला असतो. मुलासाठी तीच सूचना होऊन बसते, आणि हात नसेल तिथे त्याला काही सुचत नाही. हात उघडायचा तो त्याने कार्ड उचलून पुढे आणल्यावरच. मागचं माणूस तर पूर्ण मुकं. मदत काढायची शेवटाकडून: आधी कार्ड सोडायची मदत थांबवा, मग पुढे नेण्याची, सर्वांत शेवटी उचलण्याची. मग अंतर वाढवा. कार्डांची फाइल त्याच्या छातीच्या उंचीवर टांगा, तुम्ही आधी दोन पावलं दूर, मग दुसऱ्या खोलीत, मग पाठ करून. कपाटात ठेवलेली कार्डं म्हणजे बंद केलेलं तोंड.

तुमचा मुलगा हाताला येईल ते कार्ड देतो, म्हणजे देवाणघेवाण त्याला कळली आहे, चित्रांतला फरक अजून नाही. याचं कारण बहुधा असं: फाइलवर बिस्कीट, चिवडा, फुगे आणि केळं एकदम लावलेली असणार. सगळंच आवडीचं, कुठलंही दिलं तरी फायदाच, मग बघायचं कशाला? दोनच कार्डं ठेवा, एक अतिशय आवडीचं आणि एक बिनकामाचं, समजा मोजा. त्याने मोजा दिला की खरोखर मोजाच द्या, चेहरा साधा ठेवून. तो वैतागेल, त्या वैतागात पहिल्यांदा तो कार्डाकडे पाहतो. मग बरोबर कार्डावर बोट ठेवून दाखवा, ते द्यायला लावा, मधे एक वेगळीच सोपी गोष्ट करून घ्या (‘टाळी दे’), आणि पुन्हा संधी द्या. ही मधली टाळी गाळू नका, नाहीतर तो फक्त ‘पहिलं चुकलं की दुसरं द्यायचं’ एवढंच शिकतो. कार्डांच्या जागा दर वेळी बदला. हे जमलं की दोन आवडीच्या गोष्टी, आणि इथे पडताळा: दोन्ही ताटलीत ठेवून ‘घे’ म्हणा. दिलेल्या कार्डाची गोष्ट उचलली तर ठीक, दुसरीकडे हात गेला तर थांबवून तीच दुरुस्ती. याने काहीच होत नसेल तर फोटोऐवजी बिस्किटाच्या पुड्याचा तुकडाच कार्डावर चिकटवून पाहा. बाजारच्या चकचकीत संचातलं नासपतीचं चित्र ज्याने नासपती कधी खाल्ली नाही त्याच्यापुढे ठेवून काय उपयोग, देव जाणे.

वाक्याच्या पट्टीबद्दलही (पुढच्या टप्प्यात कार्डं ओळीने लावून वाक्य करायची ती पट्टी) सांगून ठेवतो, कारण इंग्रजी संच जसेच्या तसे वापरले जातात. त्यांत ‘मला हवं’ डावीकडे आणि वस्तू उजवीकडे असते. मराठीत वस्तूचं कार्ड आधी लावा, क्रियापदाचं शेवटी. आणि त्यावर ‘पाहिजे’ लिहा. चेंडू हवा, पोळी हवी, बिस्कीट हवं, असं रूप बदलत बसलं तर एका कार्डाचं काम तीन कार्डांवर जातं.

छळाच्या मुद्द्यात तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे, आणि ते ठळक लिहिण्यासारखं आहे. जेवण, पाणी, संडास, कुशीत घेणं यांतलं काहीही कार्डासाठी अडवायचं नाही. सराव वरकड गोष्टींचा: मधल्या वेळचा खाऊ, साबणाचे फुगे, झोका. थांबायचं तेही तीन-चार सेकंद. तेवढ्यात काही झालं नाही तर मागून मदत येतेच, त्यामुळे मूल उपाशी ताटकळत राहतच नाही. तो हात धरून तुम्हाला माठापाशी ओढत असेल तर ते मागणंच आहे. पाणी द्या, देताना पाण्याच्या चित्रावर बोट ठेवा. ‘आधी कार्ड आण’ म्हणून परत पाठवू नका.

छळ थांबवायचा असेल तर ‘नको’ लवकर शिकवा. तुमचा मुलगा ते कधी बोलतो, कधी नाही. जेव्हा येत नाही तेव्हा चावतो, असं तुम्हीच लिहिलंय. नावडती भाजी पुढे करा, तो ढकलायच्या आत मागचं माणूस ‘नको’चं कार्ड द्यायला लावेल, आणि भाजी तत्काळ मागे जाईल. सुरुवातीला ‘नको’ फक्त तिथेच वापरा जिथे तुम्ही ते मानू शकता. औषधाच्या वेळी ते मानता येत नाही, म्हणून औषधावर हा धडा नको. त्यापाठोपाठ ‘मदत’: बरणीचं झाकण घट्ट लावून बरणीच त्याच्या हातात द्या. अचानक चावणं किंवा डोकं आपटणं वाढलं तर मात्र कार्डांच्या आधी दात, कान आणि बद्धकोष्ठता तपासा.

पँटची उलटी गंगा. सुरुवातीपासून शिकवलं तर मूल पाय घालण्याशीच झगडतं, वैतागतं, आणि पँट चढण्याचा शेवट नेहमी तुमच्या हातून होतो. शेवटापासून शिकवलं तर दर वेळी काम त्याच्या हातून पूर्ण होतं. एक माप मोठी, सैल इलॅस्टिकची, नाडी किंवा बटण नसलेली पँट घ्या. मूल तळवे जमिनीला टेकतील अशा बुटक्या स्टुलावर. पायऱ्या अशा: पट्टा दोन्ही हातांनी धरणं, उजवा पाय, डावा पाय, गुडघ्यापर्यंत ओढणं, उभं राहणं, मांडीपर्यंत, कुल्ल्यांवरून, कमरेपर्यंत. पहिल्या दिवशी सगळं तुम्ही करा, शेवटची चार बोटं त्याला ओढू द्या. ती सलग तीन दिवस मदतीशिवाय जमली की एक पायरी मागे जा. बहुतेक मुलं कुल्ल्यांपाशी अडतात, कारण ती फक्त पुढून ओढतात. एक अंगठा बाजूला आणि एक हात मागे, पट्ट्याच्या आत, असा ठेवायला लावा. अंघोळीनंतरच्या ओल्या अंगावर हा धडा कधीच घेऊ नका, पँट चिकटते. संडासला जाऊन आल्यावर घ्या, दिवसात पाच-सहा वेळा आपोआप सराव होतो.

इथेही तोंड बंद. ‘धर, ओढ, अजून ओढ, शाब्बास, आता मागून’ ही धावती कॉमेंट्री काढून टाकणं सर्वांत अवघड. हाताची मदत मनगटावरून कोपरावर, कोपरावरून खांद्यावर, मग नुसता हात जवळ, अशी विरळ करता येते. शब्द असा विरळ होत नाही, आणि दहाव्या वर्षीही मूल ‘ओढ’ ऐकल्याशिवाय ओढत नाही. सूचना हवीच तर पायऱ्यांचे फोटो भिंतीवर लावा आणि मागून, न बोलता, पुढच्या फोटोकडे बोट दाखवा. त्याने हात हिसकावला तर सोडून द्या, तेही ‘नको’च आहे.

जाता जाता एक सावधगिरी. कुणी मुलाचं मनगट किंवा कोपर धरून त्याच्याकडून अक्षरांच्या पाटीवर लांबलचक वाक्यं टाइप करून घेत असेल, तर लांब राहा. चाचण्यांत पुन्हापुन्हा दिसलंय की ते शब्द धरणाऱ्याचे असतात. अमेरिकेतल्या वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या ‘आशा’ या संघटनेने २०१८ मध्ये याविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली आहे.

कार्डं जमली की आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे चित्राला बोट लावलं की शब्द बोलणारं फुकट अ‍ॅप पाहा, मराठीतही आहे. चेन्नईचं ‘आवाझ’ हे तसंच अ‍ॅप विकतचं आहे. फक्त ज्या फोनवर तो कार्टून बघतो तोच यासाठी देऊ नका.

आता माणसांचं. सासूबाईंना खाली बसवत नाही, तर त्यांना समोर खुर्चीवर बसवा आणि मुलाला त्यांच्यापुढे उभं करा. बिस्किटाचे तुकडे त्यांच्या मांडीवरच्या डबीत. मागची जागा तुमची, कारण कौशल्य तिथेच लागतं. त्यांना एवढंच सांगा: विचारायचं नाही, कार्ड येईपर्यंत हात पुढे करायचा नाही, आल्यावर आधी द्यायचं, मग कौतुक. दोन-तीन दिवसांनी एखादी फेरी शेजारच्या मोठ्या मुलाला समोर बसवून करा, नाहीतर कार्ड फक्त आजीलाच द्यायचं असतं असं त्याला वाटेल. तुम्ही अगदी एकट्या असाल त्या वेळी तुकडे पारदर्शक, घट्ट झाकणाच्या बरणीत घालून टेबलावर ठेवा, म्हणजे तुमचे दोन्ही हात मोकळे. एकाने त्याचा हात कार्डाकडे न्यायचा, दुसऱ्याने कार्ड घ्यायचं. त्याने कार्ड सोडून बरणीच तुमच्या हातात आणून दिली, तरी तुकडा द्या.