‘बाईच बाईची वैरी’ म्हणणाऱ्यांना

अफगाणिस्तानातल्या बायकांविषयी एक मजकूर सध्या गोव्यात या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतो आहे. त्यात चार गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. एका घरातल्या दोन सवती एकमेकींचा जीव खातात, म्हणजे बाईच बाईची वैरी. त्या बायका मुकाट सोसतात, म्हणून जुलूम टिकतो. युद्ध थांबले की संसारही ताळ्यावर येतील. आणि शेवटी, गोव्यात समान नागरी कायदा असल्यामुळे आपल्याकडे हा प्रश्नच नाही. शिकल्यासवरल्या बायकाही हा मजकूर पुढे धाडतात, याचे मला फार वाईट वाटते.

आधी सवतींचे. सवती भांडतात, हे खरे. पण कशावरून? जेवण, औषधपाणी, लेकीचे लग्न, सगळे एकाच पुरुषाच्या हातात असते आणि घरातली जागा मुलगा झाला की नाही यावर ठरते. अशा घरात वैर बाईच्या स्वभावातून येत नाही, घराच्या रचनेतून येते. अफगाणिस्तानच्या 1977 च्या दिवाणी कायद्यात दुसऱ्या लग्नाला अटी घातल्या होत्या. दोघींना न्यायाने वागवता आले पाहिजे, दोघींना पोसायची ऐपत पाहिजे आणि सबळ कारण पाहिजे. त्या कारणांचे उदाहरण म्हणून कायद्यात काय दिले होते? पहिल्या बायकोला मूल नसणे किंवा तिचा बरा न होणारा आजार. जिचे सांत्वन करायचे, तिच्याच उंबऱ्यात सवत आणून उभी करायची सोय कायद्यानेच केली आणि मग त्या दोघी भांडल्या की दोष बायकांच्या जातीला!

त्याच देशात याच्या अगदी उलटेही घडले. तालिबानच्या पहिल्या राजवटीत बाहेर पडायचे तर सोबत घरचा पुरुष लागे. बाईला नोकरी जवळपास बंद होती. युद्धात नवरे गेलेल्या बायकांनी काय करायचे? जागतिक अन्न कार्यक्रमाच्या मदतीने काबूलमध्ये विधवांनी चालवलेल्या बेकऱ्या उभ्या राहिल्या. तिथे विधवाच भाकऱ्या भाजत आणि दुसऱ्या गरजू घरांतल्या बायका त्या स्वस्तात नेत. एकीच्या भट्टीवर दुसरीची पोरे जगली. याला वैर म्हणणार का?

आता ‘मुकाट सोसतात’ हे. या वाक्याने मला सर्वात जास्त चीड येते. हेरात शहर 1995 मध्ये तालिबानच्या हाती गेले आणि मुलींचे शिक्षण बंद झाले. तेव्हा तिथल्या बायका शिवणकामाच्या वर्गाला म्हणून एका प्राध्यापकाच्या घरी जमत. बुरख्याखालच्या पिशवीत कापड आणि सुया, त्यांच्या तळाशी वह्या. बाहेर मुले खेळत, म्हणजे खरे तर पहारा देत. आत शेक्सपियर आणि दोस्तोयेव्हस्की यांच्यावर बोलणे चाले. पकडले गेलो तर काय होईल हे प्रत्येकीला ठाऊक होते आणि एकीने तोंड उघडले असते तर सगळ्या गेल्या असत्या. असे गुपित मैत्रीशिवाय टिकत नाही. 2021 मध्ये तालिबान परत आल्यावर तर बायका काबूलच्या रस्त्यावर ‘नान, कार, आझादी’ म्हणजे भाकरी, काम, स्वातंत्र्य असे ओरडत उतरल्या. समोर बंदुका होत्या. सोसणे दिसते म्हणून संमती आहे असे मानणाऱ्याने निदान ही दोन उदाहरणे डोळ्यांसमोर ठेवावीत.

युद्ध थांबले की घर सुधारते, याला उत्तर त्याच हेरातच्या वर्गातली एक मुलगी देते. नादिया अंजुमन. तालिबान गेल्यावर तिने विद्यापीठात शिक्षण घेतले, 2005 मध्ये तिचा कवितासंग्रह आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, नवऱ्याच्या मारहाणीनंतर ती गेली. पंचविशीसुद्धा उलटली नव्हती. मारल्याचे नवऱ्याने कबूल केले, मृत्यूची जबाबदारी मात्र नाकारली. ज्या मुलीने तालिबानच्या नाकाखाली कविता शिकली, तिला तालिबान गेल्यावर स्वतःच्या घरात जीव गमवावा लागला. पुढे 2009 मध्ये मारहाण, बालविवाह आणि भांडण मिटवण्यासाठी मुलगी देणे हे गुन्हे ठरवणारा कायदा आला. तरीही 2012 मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेला सुमारे 400 बायका आणि मुली ‘नैतिक गुन्ह्यां’साठी कोंडलेल्या आढळल्या. त्यांतल्या कितीतरी जणींचा गुन्हा काय, तर छळाच्या घरातून पळणे.

उरला गोवा. आपल्या कायद्यात चांगले आहे, ते मी नाकारत नाही. लग्नाने एकत्र येणाऱ्या मालमत्तेत बायकोचा अर्धा वाटा ही मोठी गोष्ट आहे आणि 1910 पासून घटस्फोटाची वाटही आहे. पण पोर्तुगीज काळातली 1880 ची गोव्यातल्या हिंदूंच्या रूढींची संहिता कुणी उघडून पाहिली आहे का? पहिल्या बायकोला पंचविशीपर्यंत मूल झाले नाही, किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही, तर तिच्या संमतीने हिंदू पुरुषाला दुसरे लग्न करता येईल, अशी तरतूद त्यात लिहिलेली आहे. ती आता कुणी वापरत नाही, असे उत्तर मिळते. मग ती काढून का टाकत नाहीत? आणि मूल नसलेल्या बाईची ‘संमती’ कशी मिळते, हे आपल्याकडच्या कुठल्याही घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचारा. काबूलच्या कायद्यातले कारण आणि आपल्या संहितेतले कारण एकच आहे.

दुसरी गोष्ट सिव्हिल रजिस्ट्रारकडच्या दोन सह्यांची. पहिली सही म्हणजे लग्न करण्याचा इरादा, दुसरीनंतर लग्न कायद्याने पुरे होते. देवळात लग्न लागले, पहिली सही झाली आणि दुसरी राहूनच गेली, तर अर्ध्या वाट्याचा हक्क कुठल्या आधारावर मागणार?

वैराचे म्हणाल, तर पौषात गावच्या मांडावर धालो, म्हणजे बायकांचे नाचगाणे, घालताना सासू, सुना, जावा एकाच रांगेत उभ्या राहतात. जून 1946 मध्ये, पोर्तुगीज राजवटीविरुद्धच्या चळवळीत, मडगावात वत्सला कीर्तनी यांना पोलिसांनी पकडले, तेव्हा तिथल्या बायका त्यांच्यासाठी पोलीस ठाण्यावर गेल्या. मजकूर पुढे धाडणाऱ्या बायकांना माझे एवढेच सांगणे आहे: तुमच्या वाड्यावरच्या नव्या सुनेची दुसरी सही झाली का, ते आधी विचारा. झाली नसेल तर तिच्यासोबत रजिस्ट्रारकडे जा.