सगळ्यांना जमेल असा रविवार

‘कालनिर्णय’मध्ये एकादशी सापडते, संकष्टीचा चंद्रोदय मिनिटासकट सापडतो, लग्नाचे मुहूर्त सापडतात, मागच्या पानांवर राशिभविष्यही सापडतं. १९७३ पासून हे कॅलेंडर घराघरांत लटकतंय, पण ‘सगळ्यांना जमेल असा रविवार’ त्यात एकदाही छापलेला मी पाहिला नाही. आमचा ग्रुप मात्र तो अजून शोधतोय.

ग्रुपचं नाव ‘जमवूया’. पुण्यात राहायचं म्हणजे मजा करायची निमित्तं कमी नाहीत. पावसाच्या तोंडावर काजवे, मग पाऊस, गणपती, कास, दिवाळी पहाट, सवाईचा संगीत महोत्सव, हुरडा. वर्षभर काही ना काही चमकत, वाजत, फुलत किंवा भाजलं जात असतं. अडचण एकच. यातलं काहीही ‘जमवूया’ला विचारून सुरू होत नाही, आणि ‘जमवूया’साठी थांबत तर मुळीच नाही.

हुरड्याचंच घ्या. ज्वारीचं कणीस कोवळं असतं, दाणा दाबला की दूध येतं, आणि मग ते दूध घट्ट होत जातं. या दोन्हींच्या मधे थोडे दिवस असे येतात की आगटीत गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर कणीस भाजून, गरम असतानाच तळहातावर चोळून खावं. शेजारी गूळ, दही, खोबरं-लसणाची चटणी. शहाणे शेतकरी टप्प्याटप्प्याने पेरणी करतात, म्हणजे हुरडा थोडा जास्त दिवस पुरतो. पण कितीही टप्पे केले तरी ते आमच्या चर्चेला पुरतील असे नसतात.

ग्रुपवर मतदान टाकलं. पहिल्या रविवारी गाडीवाल्याला नाही जमत. आमच्यात सात जण मावतील अशी गाडी एकाकडेच आहे, म्हणून त्याला दोन मतं आणि नकाराधिकार. दुसऱ्या रविवारी एकीच्या मुलाचं स्नेहसंमेलन. तो झाड होणार होता आणि झाडाला आई समोर लागते. तिसऱ्या रविवारी सगळ्यांना जमत होतं, त्यामुळे सगळ्यांनाच संशय आला आणि कुणीच ‘हो’ म्हणालं नाही. एका गृहस्थांचं उत्तर बारमाही एकच असतं: ‘बघतो.’ काय बघतो, कधी बघतो, कुठल्या खिडकीतून बघतो, कळायला मार्ग नाही. पण मतदानात ‘हो’, ‘नाही’ यांच्या खाली त्याच्यासाठी खास तिसरा पर्याय ठेवावा लागतो.

शेवटी सोलापूर रस्त्याला एका शेतावर पोचलो. मालकांनी हात जोडून स्वागत केलं, पाणी दिलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, “ताई, हुरडा मागच्या रविवारपर्यंत होता. आता त्याची ज्वारी झाली.”

“मग आता?” गाडीवाल्याने विचारलं.

“आता भाकरी करतो की.”

पिठलं-भाकरी उत्तम होती. आम्ही हुरड्याच्या सहलीला जाऊन ज्वारी खाऊन आलो. तत्त्वतः धान्य तेच, असं म्हणून जाणकाराने सगळ्यांची समजूत काढली.

जाणकाराची ओळख करून द्यायला हवी, म्हणजे सवाईकडे वळता येईल. प्रत्येक ग्रुपमध्ये एकाला रागातलं कळतं. बाकीच्यांना कळत नाही, त्यामुळे त्याला खरंच कळतं का हे तपासायची सोय नसते. डिसेंबर उजाडला की तो अंगावर शाल घेऊन बोलायला लागतो. गुरू सवाई गंधर्वांच्या स्मृतीसाठी भीमसेन जोशींनी १९५३ मध्ये हा महोत्सव कसा सुरू केला, पूर्वी रमणबागेत कसा व्हायचा, आता मुकुंदनगरला असतो, पंडितजी २०११ मध्ये गेल्यावर नावात ‘भीमसेन’ कसं आलं, हे सगळं तो दरवर्षी नव्याने सांगतो. आम्हीही दरवर्षी नव्याने ऐकतो, कारण तेव्हा आम्ही गाडी लावायला जागा शोधत असतो आणि ऐकण्याशिवाय दुसरं काही करता येत नाही.

त्या दिवशी संध्याकाळी सहाला फाटकापाशी भेटायचं ठरलं होतं. मी सहाला फाटकापाशी होते. हा माझा स्वभावदोष आहे आणि त्याची किंमत मी आयुष्यभर उभी राहून मोजत आलेय. आत सुरू झालेल्या मारव्याचे सूर बाहेरपर्यंत येत होते. जाणकाराचा फोन आला, “मारवा लागलाय ना? नीट ऐक. सूर्यास्ताचा राग. त्यात पंचम वर्ज्य असतो.” आमच्यातला पाचवाही अजून वर्ज्यच होता. तो कोथरूडमध्ये ‘निघालो’ होता. ‘निघालो’ म्हणजे आंघोळीला निघालो.

अखेर मी एकटीच आत गेले आणि भारतीय बैठकीत पाच जणांची जागा धरली. एका बाईने पाच जणांची जागा धरायची म्हणजे शाल, ओढणी, पर्स, पाण्याची बाटली आणि एक सँडल एवढ्या ऐवजाची तटबंदी उभारावी लागते. सँडल शेवटी आजोबांच्या नजरेमुळे काढून घ्यावी लागली. आजोबा शेजारीच बसले होते. कानटोपी, थर्मास, मांडीखाली घरून आणलेली उशी. म्हणजे कसलेले श्रोते.

“बाई, ही शाल कुणाची?”

“आमची माणसं यायचीत, आजोबा.”

“किती?”

“चार.”

“कधी?”

“निघालेत.”

आजोबांनी थर्मासचं झाकण सावकाश लावलं. “मारवा संपत आला,” ते म्हणाले, “आणि शाल ऐकतेय.”

मी काहीच बोलले नाही. मग त्यांनाच दया आली असावी. म्हणाले, “आमच्या वेळी रात्रभर चालायचं. मी एकदा दोन वाजता आलो होतो, तरी पुढे चार तास ऐकायला मिळालं.” त्या क्षणी मला या महोत्सवाचा इतिहास पहिल्यांदा समजला. जुन्या लोकांना वाटतं, रात्रभराची मैफल म्हणजे संगीताची सेवा. मला विचाराल तर ती उशिरा येणाऱ्यांची केलेली सोय होती. रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद करायचा नियम आला, एखाद्या दिवशी बारापर्यंतची सवलत तेवढी राहिली, आणि मालकंस-दरबारी या रात्रीच्या रागांना घाईची वेळ आली. लोक हळहळले ते रागांसाठी. आमच्या ग्रुपसाठी कुणी हळहळलं नाही. नियम करताना निदान ‘बघतो’चं मत घ्यायला हवं होतं. अर्थात, ते अजून आलं नसतं.

तेवढ्यात माझा फोन थरथरला. गाडीवाला. मी ओढणीत तोंड घालून कुजबुजले.

“कुठे आहेस?”

“आत. स्टेजच्या समोर.”

“अगं, सगळेच स्टेजच्या समोर आहेत. कुणी पाठ करून बसलंय का? हात वर कर.”

मी हात वर केला. नेमकी त्याच वेळी गायिकेने अशी काही सुरेख जागा घेतली की आजूबाजूचे दहा-बारा हात दाद द्यायला वर गेले. गाडीवाला त्यातल्या एका हाताच्या रोखाने गेला आणि एका अनोळखी कुटुंबाच्या सतरंजीवर बसला. त्यांनी त्याला वडी दिली. मध्यंतरापर्यंत तो तिथेच होता आणि वर्षभर सांगत होता की सवाईला खरा रसिक भेटतो.

उरलेले आले ते मध्यंतरातच. आले, एकदा मंचाकडे पाहिलं, “आता कोण आहे?” असं विचारलं आणि खाण्याच्या स्टॉलकडे गेले. माझं निरीक्षण असं, की खाण्याच्या स्टॉलपाशी सगळ्यांची वेळ बरोबर जुळते. तिथे कुणी ‘निघालो’ नसतं. जाणकार मात्र माझ्या शेजारी येऊन बसला आणि पहिल्या आलापालाच म्हणाला, “वा! यमन.” आजोबा शांतपणे म्हणाले, “पूरिया कल्याण.” त्यानंतर जाणकार गाणं डोळे मिटून ऐकत राहिला. इतकी छान शांतता त्याच्या शेजारी मला पूर्वी कधी मिळाली नव्हती.

शेवटच्या दिवशी खुद्द सवाई गंधर्वांच्या आवाजातली भैरवी ध्वनिमुद्रणावरून लावतात आणि मग महोत्सव संपतो. ती आमच्या ग्रुपने कधीच ऐकलेली नाही. येताना सगळ्यांना उशीर होतो खरा, पण जाताना पार्किंगमधून पहिली गाडी आमची निघते. एरवी सगळीकडे मागे पडणारी ही माणसं तिथे मात्र मानाची असतात.

दिवाळी पहाटेबद्दल फार लिहीत नाही. पहाटे पाचच्या कार्यक्रमाला आम्ही नटूनथटून साडेसातला पोचतो, आभार प्रदर्शन ऐकतो आणि एकमेकांच्या साड्यांचे फोटो काढतो.

कासचं मात्र सांगायला हवं. साताऱ्याच्या डोक्यावरचं ते पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तिथे तेरडा, सोनकी, सीतेची आसवं, गेंद अशी पाळी लावून फुलं येतात. गर्दीला आवर घालायला दिवसाला ठरावीक लोकांनाच सोडतात, त्यामुळे आधी नोंदणी लागते. नोंदणीत माणसांची संख्या विचारतात. तिथेच घोडं अडलं. “आपण किती?” या प्रश्नावर ग्रुपमध्ये तीन आठवडे विचार झाला. एकीने लिहिलं, ‘मी नक्की, पण माझं नक्की धरू नका.’ पोचलो तेव्हा पठारावर सोनेरी वाळकं गवत होतं आणि आम्ही होतो. नोंदणी लागली नाही, गर्दी नव्हती, गाडी थेट वर गेली. “बघा, उशिरा आल्याचा हा फायदा,” गाडीवाला म्हणाला. तिथल्या गाइडने सांगितलं की कारवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. ग्रुपवर एकदम आनंद पसरला. आमच्या वेगाला मानवेल अशी एक तरी वनस्पती सह्याद्रीत आहे. पुढचा बहर केव्हा, यावर मतदान आत्तापासून सुरू आहे. त्यातही एक ‘बघतो’ पडलाय.

काजव्यांना आम्ही एकदा चक्क वेळेवर पोचलो होतो, कारण त्या वर्षी पाऊसच लांबला. भंडारदऱ्याच्या बाजूला मे संपता संपता झाडंच्या झाडं लुकलुकतात. नर काजवा चमकून मादीला सांगतो, मी इथे आहे. मादी खालून उत्तर देते, मी इथे. विषय संपला. गाडीवाल्याने वाट दिसावी म्हणून हेडलाइट लावले, जाणकाराने काजवे नीट दिसावेत म्हणून टॉर्च लावला आणि मागून कुणीतरी फ्लॅश मारून फोटो काढला. झाड विझलं. एवढ्या अंधारात एवढासा किडा एकमेकांना शोधून काढतो, हे आम्ही सगळ्यांनी फार कौतुकाने ऐकलं आणि परत येताना रस्ता चुकलेल्या आमच्याच दुसऱ्या गाडीची वाट पाहत राजूरच्या चौकात उभे राहिलो.

पण आमच्यासाठीच निर्माण झालेला एक कार्यक्रम पुण्यात आहे: अनंत चतुर्दशीची विसर्जन मिरवणूक. सकाळी मंडईपाशी लोकमान्यांच्या पुतळ्याजवळून मानाचा पहिला कसबा गणपती निघतो, मग तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा. पाचही मानाचे गेले की बाकीची मंडळं, रात्र, पहाट, दुसरी सकाळ. चोवीस तासांत आटोपेल तर ती पुण्याची मिरवणूक नव्हे. या एका ठिकाणी उशीर करण्यात आमच्यापेक्षा कार्यक्रम पुढे आहे. कितीही सावकाश निघालं तरी चुकायची भीती नाही. म्हणून या एका दिवशी मतदान झालं नाही, भांडण झालं नाही. सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, ‘संध्याकाळी सात, अलका चौक.’

अलका चौकात लक्ष्मी रस्ता, कुमठेकर रस्ता, केळकर रस्ता आणि टिळक रस्ता एकत्र येतात. आणि त्या संध्याकाळी त्या चारही रस्त्यांवरच्या प्रत्येक ग्रुपने ‘सात, अलका चौक’ असंच ठरवलेलं असतं. मी पावणेसातला पोचले. सात वाजता फोनची रेंज गेली. ढोल-ताशा असा चालू होता की छातीतली धडधड आपली की पथकाची, हे कळत नव्हतं. रेंज जाण्याआधी गाडीवाल्याचा शेवटचा मेसेज आला होता, ‘टॉर्च वर धर, मी शोधतो.’ मी मोबाइलचा टॉर्च लावून हात वर केला. समोरच्यानेही केला. मागच्यानेही. बघता बघता चौकात हजारभर टॉर्च वर होते, प्रत्येकाला कुणीतरी शोधत होतं आणि कुणीच कुणाला सापडत नव्हतं. गर्दीने मला ज्या बाजूला नेलं त्या बाजूला मी गेले. जे गणपती दिसले त्यांना नमस्कार केला, पहाटे एका अनोळखी मावशींबरोबर चहा घेतला आणि उजाडताना चालत घरी आले.

सकाळी फोन जिवंत झाला आणि रात्रभराचे मेसेज एकदम कोसळले. ‘पोचलो.’ ‘कुठे आहात?’ ‘अलकाला.’ ‘मीपण अलकाला.’ ‘अगं, मी खांबापाशी.’ ‘कुठल्या?’ ‘इथल्या.’ सगळे रात्रभर एकाच चौकात होते.

अकराच्या सुमाराला ‘बघतो’चा मेसेज आला, ‘आत्ता निघालो, कुठे यायचं?’ कुणी उत्तर दिलं नाही, सगळे झोपले होते. तो गेला. मिरवणूक चालूच होती आणि गर्दी ओसरलेली. दोरीला खेटून पहिल्या रांगेत उभं राहून त्याने गणपतींचे फोटो काढले, अगदी मोदकासकट स्पष्ट, आणि ग्रुपवर टाकून खाली लिहिलं, ‘काय रे, कुणीच आलं नाही का?’