ब्रश नंतर मोजा, आधी ‘दऱ्या’ लिहून दाखवा

काल रात्री दीड वाजता मी ‘डोंगरदऱ्या’ हा एक शब्द चित्रात बसवत होते. एकच शब्द! चोवीस पानांचं मुलांचं पुस्तक, चित्रं सगळी पूर्ण, सकाळी फाइल प्रेसला जायची. टाइप केलं तर ‘दऱ्या’तला ऱ पाय मोडून एकीकडे आणि ‘या’ त्याच्यापासून लांब, दुसरीकडे. त्याच पानावर ‘दिवाळी’ची वेलांटी द ला सोडून व च्या डोक्यावर. ‘सर्व’चा रफार तर रफार राहिलाच नव्हता. फॉन्ट बदलला, तेच. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडला, तेच. पैसे मोजून घेतलेलं सॉफ्टवेअर आहे हे. नाव लिहीत नाही, कारण हा त्या एकाचा दोष असता तर मी ते सोडून मोकळी झाले असते.

चित्रासाठी कुठलं सॉफ्टवेअर चांगलं, याच्या तुलना मी वर्षानुवर्षं वाचतेय, बघतेय. मला त्या आता पाठ आहेत. फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या २०१३ पासून फक्त वर्गणीवर मिळतात. प्रोक्रिएटला एकदाच पैसे, पण ते फक्त आयपॅडवर, आणि कॅनव्हास मोठा घेतला की लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले थर, कमी. ए३ आकार ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) म्हणजे ३५०८ गुणिले ४९६१ पिक्सेल, तिथे लेयरची चणचण लगेच जाणवते. क्लिप स्टुडिओ कॉम्प्युटरवर एकरकमी विकत मिळतं, आयपॅडवर मात्र वर्गणी. क्रिता फुकट आणि मुक्तस्रोत, म्हणजे त्याचा कोड कुणालाही बघता-बदलता येतो. कुणाचा स्टॅबिलायझर (हाताची थरथर काढून टाकणारी सोय) किती गुळगुळीत, वॉटरकलर कुणाचा खरा वाटतो, पेनाचा दाब कुठे नीट पकडला जातो. सगळं मान्य, सगळं उपयोगाचं. पण एकाही तुलनेत, एकाही तक्त्यात मला ही ओळ दिसलेली नाही: यात जोडाक्षरं नीट उमटतात का?

आणि हे परदेशातल्या लोकांनी तपासलं नाही म्हणून मी तक्रार करत नाहीये. आपले मराठी चित्रकार, मराठीत बोलून, मराठी प्रेक्षकांसाठी तुलना करतात, आणि टेक्स्ट टूलची वेळ आली की रोमन लिपीत ‘हॅलो’ टाइप करून पुढे जातात! अरे, तुमच्या प्रेक्षकाला मुखपृष्ठ करायचंय, दिवाळी अंकाची सजावट करायचीय, कॉमिकचे फुगे भरायचेत. तो ‘हॅलो’ घेऊन काय करेल?

यात अवघड काय आहे तेही सांगते. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर-फोनवर सगळ्या लिपी साठवायच्या प्रमाण पद्धतीत, ‘दि’ साठवताना आधी द आणि मग वेलांटी असते, दाखवताना मात्र वेलांटी द च्या आधी काढावी लागते. रफार साठवताना आधी, दिसताना पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. क् आणि ष एकत्र आले की क्ष. ही जुळवाजुळव करणारा एक भाग प्रोग्रॅममध्ये लागतो. तो नव्याने शोधावा लागत नाही. हार्फबझ नावाची लायब्ररी, म्हणजे कुठल्याही प्रोग्रॅमला वापरता येणारा तयार कोड, हे काम करते, ती फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, अँड्रॉइड, फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस सगळे ती वापरतात. म्हणून तर साध्यातल्या साध्या फोनवर माझी आई ‘दऱ्या’ बिनचूक लिहिते, आणि चित्रांसाठी म्हणून विकत घेतलेला प्रोग्रॅम ते लिहू शकत नाही. फोटोशॉपच्या कित्येक आवृत्त्यांत ही सोय होती, पण प्रेफरन्सेसमध्ये जाऊन टेक्स्ट इंजिन बदलल्याशिवाय चालू होत नव्हती. किती जणांनी ‘फोटोशॉपमध्ये मराठी येतच नाही’ असं धरून चालत वर्षं काढली असतील! क्रिताने तर २०२३ मध्ये, ५.२ आवृत्तीत, अक्षरमांडणीचा भाग नव्याने लिहून काढला. मोठ्या प्रमाणावर देणग्यांवर चालणारा प्रकल्प आहे तो. त्यांना हे काम महत्त्वाचं वाटतं, मग दरमहा पैसे घेणाऱ्यांना का वाटू नये?

तक्रार केली की तीन सल्ले ठरलेले. पहिला, ‘जुना फॉन्ट वापर ना.’ म्हणजे युनिकोडच्या आधीच्या पद्धतीचे फॉन्ट, ज्यांत वेलांटी, काना, अर्धा त हे सगळे सुटे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. दिसायला बरोबर दिसतं, पण आतमध्ये मराठी नसतंच. प्रेसच्या मशीनवर तो फॉन्ट नसला की पानभर कचरा. संपादकांनी पाठवलेला युनिकोड मजकूर आधी कन्व्हर्टरमधून काढा, मग त्यातून सुटलेल्या चुका हाताने शोधा.

दुसरा सल्ला, ‘इंकस्केपमध्ये टाइप कर, आउटलाइन कर, चित्रात आण.’ इंकस्केप हा रेषाचित्रांचा दुसरा प्रोग्रॅम, आणि आउटलाइन म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून टाकणं, जे मग टाइप करून बदलता येत नाहीत. तेच करते मी. काल रात्रीही तेच केलं. पण पुस्तकाला मुद्रितशोधक असतो. तो शेवटच्या क्षणी एक ह्रस्व-दीर्घ सांगतो, आणि त्याचं बरोबरच असतं. मग एका वेलांटीसाठी पुन्हा दुसरा प्रोग्रॅम उघडा, पुन्हा आउटलाइन, पुन्हा आणा, पुन्हा तीच जागा, तोच आकार, तोच रंग. चोवीस पानं!

तिसरा, ‘चित्रकार आहेस, हाताने लिही की.’ शीर्षक मी हातानेच लिहिते, आवडीने लिहिते. पानभर गोष्ट हाताने लिहायची आणि मग त्यात दुरुस्ती आली की पान पुन्हा लिहायचं, हे मला सांगणारा माणूस एकही पुस्तक करून बसलेला नसतो.

आणि ‘कळतं ना काय लिहिलंय’ असं कुणी म्हणालं की माझा तोलच जातो. नाही कळत! दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरामधल्या. आचार्यांना बोलावलं तर गुरुजी येतात, आचाऱ्यांना बोलावलं तर स्वयंपाकी. सहा वर्षांचं मूल अक्षर न् अक्षर बोटाने धरून वाचतं, त्याच्यासमोर मी मोडका ऱ ठेवायचा? ल आणि श चंही तेच. मराठीतला ल कसा, श कसा, हे शासनाने २००९ च्या निर्णयात दाखवून दिलंय, शाळेत तसंच शिकवतात. अनेक फॉन्टांत दोन्ही रूपं असतात, पण मजकूर मराठी आहे हे प्रोग्रॅमला सांगायला जागाच नसेल तर हिंदी वळणाचंच रूप उमटतं. मग पालक विचारतात, पुस्तकातला श वेगळा का?

२०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींवर होते. आपण १९०९ पासून दिवाळी अंक काढतोय. चित्र आणि अक्षर एका पानावर नांदवणं आपल्याला नवं नाही, आणि तरी आम्ही हे मागतसुद्धा नाही, निमूट दुसऱ्या प्रोग्रॅममधून आउटलाइन आणतो.

तुलना करणाऱ्या प्रत्येकाला माझी एकच ओळ: ‘तऱ्हेतऱ्हेचे पक्षी डोंगरदऱ्यांतून क्षितिजाकडे उडाले, दृष्टिआड झाले, सर्वत्र अर्धवट उजेड होता.’ ही प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये टाइप करा आणि जे उमटेल त्याचा स्क्रीनशॉट टाका. ब्रशचं त्यानंतर बोलू.