तामण नॉट फाउंड

सोसायटीचा मेन्टेनन्स थकवणाऱ्यांचं व्याज काढायचा प्रोग्राम मी सी भाषेत लिहिला. एक्सेलमध्ये दहा मिनिटांत झालं असतं, असं बायको म्हणाली. त्यामुळे सीमध्येच लिहिणं भाग पडलं.

दरमहा पावणेदोन टक्के, चक्रवाढ. घात काढायला पॉव फंक्शन. आधी 1.0175 चा बारावा घात थेट आकडे घालून काढून पाहिला, झोकात चालला. आकड्यांच्या जागी व्हेरिएबल आले आणि लिंकर, म्हणजे प्रोग्रामचे तुकडे आणि लायब्रऱ्या एकत्र जोडणारा, म्हणाला, कोण पॉव? मी नाही ओळखत. पहिल्या खेपेला आकडे समोरच दिसत असल्याने कंपायलरने (सीचं मशीनच्या भाषेत भाषांतर करणाऱ्याने) उत्तर स्वतःच काढून ठेवलं होतं, पॉवला बोलावलंच नव्हतं. आता गणिताची लायब्ररी, तयार फंक्शन्सचा साठा, जोडायची, म्हणजे कमांडमध्ये 'डॅश एलएम' घालायचं. घातलं. तेच रडगाणं. कारण मी ते फाईलच्या नावाआधी लिहिलं होतं. लिंकर डावीकडून उजवीकडे जातो आणि ज्याची मागणी अजून आलीच नाही ते सोडून देतो. मी वाण्याच्या दुकानासमोरून येताना फोन केला की घरून 'काही नको' म्हणतात आणि दारात पाऊल टाकलं की 'जिरं आणलं का?' विचारतात, तोच प्रकार.

शेवटी सोळा केबीची सुबक फाईल झाली. पेनड्राइव्हवर घेऊन सोसायटीच्या ऑफिसात गेलो. तिथल्या जुन्या पीसीवर लिनक्सचं उबुंटू 18.04 आहे. ते मीच टाकलंय, त्यामुळे शिव्याही मलाच. प्रोग्राम म्हणाला, जीलिबसी (लिनक्सवरची सीची मूळ लायब्ररी) 2.29 सापडलं नाही, 2.34 सापडलं नाही. त्या पीसीकडे होतं 2.27. माझा लॅपटॉप 22.04 चा, म्हणजे 2.35 वाला. जुन्या जीलिबसीवर बांधलेलं नव्यावर बहुधा चालतं, उलटं नाही.

मी केलं होतं ते डायनॅमिक लिंकिंग, लायब्ररी पोटात न घेता चालताना त्या-त्या मशीनकडून मागायची. म्हणजे आमचे सत्यनारायणाचे गुरुजी. खांद्याला झोळी, हातात यादी. तामण, पळी, चौरंग, सुपाऱ्या सगळं यजमानाकडे असणारच, हे गृहीत. ती यादी एलडीडी नावाची कमांड दाखवते. तिच्यात लिनक्स-व्हीडीएसओ अशीही एक ओळ असते. ती फाईल डिस्कवर शोधून मिळत नाही, कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ती स्वतःच पुरवतो. आमच्याकडे अक्षता अशाच येतात, कुणी आणल्या कळत नाही. माझे गुरुजी मात्र तामण नुसतं नव्हे, 2.34 सालचंच मागत होते.

क्षणभर वाटलं, माझ्या लॅपटॉपवरची जीलिबसीच तिथे नेऊन ठेवावी. नशिबाने हात आवरला. त्या मशीनवरच्या बहुतेक कमांड्स त्याच चुलीवर जेवतात. चूल बिघडली की जुनी परत आणून ठेवायची कॉपीची कमांडसुद्धा उपाशी.

मग घरी येऊन 'डॅश स्टॅटिक' लावलं, लायब्ररी प्रोग्रामच्याच पोटात. म्हणजे चौरंगापासून सुपारीपर्यंत सगळं टेम्पोत घालून येणारे गुरुजी. सोळा केबीचे नऊशेच्या आसपास झाले! हे गुरुजी कुठल्याही घरी पूजा सांगतील, यजमानाकडे फक्त जागा हवी. पण त्यांच्या टेम्पोतला नारळ कुजका निघाला तर तो त्यांनीच बदलायचा. 2014 साली ओपनएसएसएल या इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या लायब्ररीत हार्टब्लीडचं भोक सापडलं, तेव्हा ज्यांनी ती लायब्ररी डायनॅमिक जोडली होती त्यांना भोक बुजवायला ती बदलून सर्व्हिस रीस्टार्ट करून भागलं. ज्यांनी आपापल्या पोटात घेतली होती त्यांना आपला प्रोग्राम पुन्हा बांधावा लागला. माझ्या व्याजाला कुठला हॅकर विचारतोय म्हणा.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात स्टॅटिक प्रोग्राम चालला. खजिनदार काकांनी चष्मा कपाळावर चढवून आकडे पाहिले.

"हे चक्रवाढ आहे का?"

"हो काका. पॉव वापरलंय."

"अहो, उपविधीत सरळव्याज आहे. हे लावलंत तर तिसऱ्या मजल्यावरचे वकील आपल्यालाच व्याज लावतील."

पॉव काढला, डॅश एलएमही काढलं, गुणाकार घातला. ते नऊशे केबी डोळ्यांत खुपत होते, म्हणून हट्टाने पुन्हा डायनॅमिक बांधलं आणि पेनड्राइव्ह घेऊन तिसऱ्यांदा जिना उतरलो. दोन तक्रारींपैकी 2.29 ची पॉवबरोबर गेली होती. 2.34 ची तशीच होती.