अ‍ॅस्पिरिनची गोळी म्हणजे कर्करोगाची लस नव्हे

गेल्या आठवड्यात दुकानात ओळखीच्या एक काकू आल्या. "कमी पॉवरच्या अ‍ॅस्पिरिनच्या तीन स्ट्रिप दे गं." एक त्यांना, एक जावेला, एक लेकीला. हृदयाचं दुखणं तिघींपैकी कुणालाच नाही. मग त्यांनी मोबाईल पुढे केला. मेसेज असा होता: रोज एक अ‍ॅस्पिरिन घेतली की स्तनाचा कर्करोग होत नाही, हे परदेशात सिद्ध झालंय. होऊन गेला असेल तर परत उलटत नाही. अ‍ॅस्पिरिन नसेल तर कुठलीही पेनकिलर चालते. अपाय काही नाही. लालबागला काउंटरमागे माझी २२ वर्षं गेली आहेत, गोळ्या विकूनच माझं घर चालतं. तरी त्या स्ट्रिप मी दिल्या नाहीत.

"सिद्ध झालंय" यापासून सुरुवात करते. ही कल्पना हवेतून आलेली नाही. अ‍ॅस्पिरिन शरीरातलं प्रोस्टाग्लँडिन (सूज, वेदना वाढवणारं रसायन) तयार होणं रोखते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवलं आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. स्तनातल्या चरबीत प्रोस्टाग्लँडिन वाढलं की अरोमाटेज हे विकर (एन्झाइम) जोर धरतं, त्यातून इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक बनतं, आणि स्तनाचे बरेच कर्करोग इस्ट्रोजेनवरच पोसतात. म्हणजे तर्क बरोबर आहे. पण तर्क बरोबर असला म्हणून औषध लागू पडतंच असं नाही.

कॅलिफोर्नियातल्या शिक्षिकांवर नजर ठेवणारा एक मोठा अभ्यास आहे. त्याचा २०१७चा निष्कर्ष मेसेजवाल्यांना आवडेल: आठवड्यातून तीन किंवा जास्त वेळा कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत कर्करोग १६ टक्के कमी दिसला. पण याच शिक्षिकांचा २००५चा निष्कर्ष कुणी फॉरवर्ड करत नाही. त्यात पाच वर्षांहून जास्त काळ रोज आयब्युप्रोफेन घेणाऱ्यांत कर्करोग जास्त दिसला होता. (पाळीत महिन्याला दोन गोळ्या घेणाऱ्या मुलींनी यामुळे घाबरू नये, तो प्रकार वेगळा.) अशा अभ्यासांत गोळी कोणी घ्यायची हे त्या त्या बाईनेच ठरवलेलं असतं. तिचं वय, वजन, इतर आजार, डॉक्टरकडे जायची सवय, सगळं त्या आकड्यात मिसळतं.

म्हणून चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी करून गोळी देणारी चाचणी महत्त्वाची. अमेरिकेत ती झाली. ३९,८७६ बायकांपैकी निम्म्यांना एक दिवसाआड १०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन, निम्म्यांना औषध नसलेली गोळी, आणि हे साधारण दहा वर्षं. २००५ साली निकाल आला: स्तनाच्या कर्करोगात फरक नाही. मात्रा कमी होती असं कुणी म्हणेल, ते म्हणू द्या. पण मग "सिद्ध" हा शब्द वापरू नका.

दुसऱ्या दाव्याचा मला खरा राग येतो, कारण परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये उपचार घेणाऱ्या बायका आमच्याकडे टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल या स्तनाच्या कर्करोगावरच्या गोळ्या न्यायला येतात. कर्करोग होऊन गेलेल्या ३,०२० रुग्णांना रोज ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन किंवा औषध नसलेली गोळी देऊन पाहिली गेली. फायदा दिसेना म्हणून चाचणी मुदतीआधीच थांबवली. २०२४ मध्ये आकडे छापून आले, तेव्हा आजार उलटण्याचं प्रमाण अ‍ॅस्पिरिनच्या गटात उलट थोडं जास्तच होतं, जरी तो फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हता. आणि लेट्रोझोल तेच अरोमाटेज थेट बंद करते. ती गोळी सांधे दुखतात म्हणून सोडून कुणी अ‍ॅस्पिरिनवर विसंबली तर काय होईल, या विचारानेच माझ्या पोटात गोळा येतो.

"कुठलीही पेनकिलर" याला दोन ओळी पुरेत. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल, ती सूज उतरवणाऱ्या गोळ्यांत मोडतच नाही. सेलेकॉक्सिब मोडते, पण ती रुग्णांना दोन वर्षं देऊनही फायदा दिसला नाही.

राहिलं "अपाय नाही". रोजच्या अ‍ॅस्पिरिनने जठरात जखम होऊन रक्त जाऊ शकतं. शी डांबरासारखी काळी झाली की पेशंट घाबरून येतो, तोवर रक्त बरंच गेलेलं असतं. काही दमेकऱ्यांना या गोळ्यांनी धाप लागते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन किडनीवर ताण आणतात, बीपी वाढवतात. आणि आपल्या मुंबईत पावसाळा म्हणजे डेंग्यू. डेंग्यूत अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन टाळायची असते, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. घरातल्या तिघी रोज ती घेत असतील आणि ताप आला, तर? (हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली अ‍ॅस्पिरिन मात्र हे वाचून बंद करू नका.)

गोळीपेक्षा तपासणी काय करते ते पाहा. मुंबईतच १९९८ पासून टाटाने दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. वय ३५ ते ६४, वेगवेगळ्या वस्त्यांत राहणाऱ्या. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासले. तिथे आजार आधीच्या टप्प्यावर सापडला. सगळ्या वयांत मिळून मृत्यूतली घट ठाम ठरली नाही, पण पन्नाशीपुढच्या बायकांत मृत्यू सुमारे ३० टक्के कमी दिसले.

मी काकूंना विचारलं, जाऊबाई किती वर्षांच्या? चोपन्न. कधी तपासून घेतलंय? "काही दुखत नाही गं तिला." सुरुवातीची गाठ बहुतेकदा दुखत नाहीच, हे मी त्यांना सांगितलं आणि मेसेजखाली स्त्रीरोग ओपीडीचा वार टाईप करून दिला.